३६६ ओळींचा फळा : दिनविशेषाच्या कामाच्या नोंदी

२ डिसेंबर २०२४

आमच्या वाचनालयाच्या बाहेरच्या भिंतीला एक काळा फळा आहे. त्यावर आतापर्यंत फक्त "वर्गणी वेळेवर भरावी" एवढंच लिहिलेलं असायचं आणि ते पण इतकं पुसट की न भरणाऱ्याला कारण मिळावं. काल मीटिंगमधे अध्यक्ष म्हणाले मराठीला अभिजात दर्जा मिळून दोन महिने झाले, ३ ऑक्टोबरला केंद्राने निर्णय घेतला, आपण काय केलं तर पेढे खाल्ले. तर आता रोज दिनविशेष लिहायचा. काम अर्थातच माझ्या गळ्यात, कारण 'क' वर्गाच्या वाचनालयात ग्रंथपाल पण मीच, झाडणारा पण मीच आणि कुलूप लावणारा पण मीच.

ठरवलंय की रोज शोधत बसायचं नाही, एकदाच वर्षभराचं करून ठेवायचं, २९ फेब्रुवारी धरून ३६६ ओळी. आधी वहीत, मग कॉम्प्युटरवर. उद्या ३ डिसेंबर, बहिणाबाई चौधरींची पुण्यतिथी (१९५१), तिथूनच सुरू करतो.

६ डिसेंबर

बाबासाहेबांचा महापरिनिर्वाण दिन, १९५६. वही उघडायची गरजच नाही. सकाळी लिहायला गेलो तर कोणीतरी आधीच फळ्याला हार घालून ठेवला होता. माझं हाराचं काम वाचलं.

९ डिसेंबर

ग्रुपवरच्या फॉरवर्डमधून तारखा उचलत होतो, आता बंद. बाळशास्त्री जांभेकर एका यादीत ६ जानेवारीला जन्मलेत आणि दुसऱ्या यादीत २० फेब्रुवारीला, साल दोन्हीकडे १८१२. ६ जानेवारी ही त्यांच्या 'दर्पण' वृत्तपत्राच्या पहिल्या अंकाची तारीख आहे, १८३२ ची, एवढं पक्कं. मी फळ्यावर ६ ला दर्पणच लिहिणार, जांभेकर आपोआप आलेच त्यात.

त्याहून मजा बहिणाबाईंची. सगळीकडे लिहिलेलं असतं नागपंचमीला जन्म, २४ ऑगस्ट १८८०. आमचे गुरुजी (रिटायर्ड प्राथमिक शिक्षक, रोज पेपर वाचायला येतात, माझं अर्धं काम तेच करतात) म्हणाले, थांब, त्या साली नागपंचमी कधी होती ते तरी बघ. अमावास्या मोजत मागं गेलो तर १८८० ची नागपंचमी येते ११ ऑगस्टच्या आसपास. म्हणजे नागपंचमी खरी असेल तर २४ तारीख नाही आणि २४ खरी असेल तर नागपंचमी नाही. मला विचाराल तर आईला सण लक्षात राहतो, तारीख राहत नाही. मी वहीत ११ ऑगस्ट लिहिलं आणि बाजूला प्रश्नचिन्ह.

नियम केला: दोन छापील पुस्तकांत एकच तारीख सापडली तरच पेनने, नाहीतर पेन्सिलने.

२४ डिसेंबर

साने गुरुजींचा जन्म, १८९९. वहीत पुढं चाळताना एक गोष्ट दिसली ती आधी कधी लक्षातच आली नव्हती, ११ जूनला साने गुरुजी गेले (१९५०), १२ जूनला पु.ल. (२०००), १३ जूनला अत्रे (१९६९). तीन दिवस ओळीने. श्यामची आई लिहिणारा आणि त्यावर पिक्चर काढणारा दोन दिवसांच्या अंतराने, मधे पु.ल. बसलेले. योगायोग आहे, पण फळ्यावर तीन दिवस वाचणाऱ्याला कळेल असं लिहायचंय.

असाच १ ऑगस्ट १९२०. टिळक त्या दिवशी गेले आणि अण्णा भाऊ साठे त्याच दिवशी जन्मले, तारीख नाही तर दिवसच एक. हे एका ओळीत लिहायचं की दोन ओळीत यावर गुरुजी आणि मी अर्धा तास घालवला. दोन ओळी, सारख्या अक्षरात.

१ जानेवारी २०२५

आज फळ्यावर काही विशेष नाही पण वहीत एक रकाना वाढवला, मृत्यूचं साल. आपल्याकडे लेखक गेल्यावर ६० वर्षांनी पुस्तकावरचा हक्क संपतो आणि ते पुढच्या १ जानेवारीपासून मोजतात. म्हणजे १९६४ मधे गेलेल्या लेखकांची पुस्तकं आजपासून मोकळी, कोणीही छापावी. आमच्या परभणीचे कवी-कादंबरीकार बी. रघुनाथ १९५३ ला गेले, त्यांचं लिखाण २०१४ पासूनच मोकळं आहे, पण आमच्या कपाटात त्यांचं एकच पुस्तक आणि त्याचं कव्हर उंदराने नेलेलं. परभणी जिल्ह्यातल्या वाचनालयाची ही गत. जन्मतारखेला हार घालता येतो, मृत्यूच्या तारखेने पुस्तक छापता येतं, वाचनालयाला दुसरी जास्त कामाची.

१४ जानेवारी

एका दिवसात किती मावणार! पानिपत १७६१. मराठवाडा विद्यापीठाचा नामविस्तार १९९४, ज्याचा ठराव १९७८ ला झाला आणि मधली सोळा वर्षं काय झालं हे मराठवाड्यात कोणाला सांगायची गरज नाही. आणि वर संक्रांत. फळा साडेतीन फुटाचा. पानिपत बारीक अक्षरात लिहिलं, एका आजोबांना राग आला.

२२ जानेवारी

स्वामी रामानंद तीर्थ, पुण्यतिथी, १९७२. जन्म ३ ऑक्टोबर १९०३, मूळ नाव व्यंकटेश खेडगीकर. ३ ऑक्टोबर म्हणजे आता अभिजात मराठीचा पण दिवस झाला, ती ओळ गर्दीची होणार.

आपल्या मराठवाड्याच्या माणसांची एक वेगळी यादी काढायला लागलो तेव्हा लक्षात आलं की ती सगळी मोठ्या तारखांच्या सावलीत बसलीत. बी. रघुनाथ जन्मले १५ ऑगस्ट १९१३ ला, सातोन्याला. १५ ऑगस्टला झेंडावंदन सोडून फळ्याकडे कोण बघणार. त्यांची पुण्यतिथी, ७ सप्टेंबर, ठळक करायची. पत्रकार अनंत भालेराव १४ नोव्हेंबर १९१९, त्या दिवशी शाळेची सगळी पोरं नेहरू होऊन फिरतात. कवी ना. धों. महानोर १६ सप्टेंबर १९४२, आणि दुसऱ्याच दिवशी मुक्तिसंग्राम दिन, त्यामुळं १६ तारखेला सगळे मंडपाच्या कामाला लागलेले.

१० फेब्रुवारी

विचारवंत नरहर कुरुंदकरांची पुण्यतिथी, १९८२. पन्नाशी पण गाठली नाही. जन्म १५ जुलै १९३२, नांदापूर. आता इथं भांडण असं की नांदापूर कोणत्या जिल्ह्यात लिहायचं, तेव्हा परभणी होता, हिंगोली जिल्हा झाला १ मे १९९९ ला. हिंगोलीचे लोक म्हणणार आमचे, आमचे लोक म्हणणार जन्मले तेव्हा आमचे. जालना जिल्हा झाला १९८१ ला, लातूर १९८२ ला, आणि आता संभाजीनगर, धाराशिव ही नवी नावं. शेवटी ठरलं की गावाचं नाव लिहायचं आणि जिल्हा लिहायचाच नाही. गाव काही कोणी हलवत नाही. (किल्लारी वगैरे हलवली म्हणा, ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपानंतर. त्या पहाटेची ओळ मी अजून लिहिली नाही. ३ वाजून ५६ मिनिटं एवढंच लिहून ठेवलंय, आमच्याकडं तेवढ्यानं कळतं.)

११ फेब्रुवारी

रा. रं. बोराडे गेले. बातमी मोबाईलवर आली तेव्हा मी फळ्यावरून कुरुंदकरांची ओळ पुसत होतो. वहीत त्यांचं नाव २५ डिसेंबरला आहे, १९४०, काटगाव, आणि मृत्यूचा रकाना रिकामा. हयात लेखकांचा तो रकाना मी रिकामा ठेवत होतो तेव्हा कधी जाणवलं नव्हतं की हे भरायचं पण मलाच आहे. 'पाचोळा' कपाटातून काढून टेबलावर ठेवली. संध्याकाळपर्यंत एक बाई येऊन घेऊन पण गेल्या, म्हणाल्या कॉलेजला होती, त्यातली पार्वती आमच्या घरातल्यासारखं बोलते. फळ्यापेक्षा हे बरं.

१९ फेब्रुवारी

शिवजयंती. आज एका कॉलेजच्या पोराने असा प्रश्न विचारला की दिवस त्यातच गेला. म्हणे १९ फेब्रुवारी १६३० ही तारीख इंग्रजी कोणत्या कॅलेंडरची?

बरोबर होतं त्याचं. १५८२ मधे पोपने कॅलेंडर दुरुस्त केलं, ४ ऑक्टोबरनंतर एकदम १५ ऑक्टोबर. पण इंग्रजांनी ते मानलंच नाही, त्यांनी १७५२ ला बदललं, २ सप्टेंबरला झोपले आणि १४ ला उठले. आपल्या इतिहासकारांनी शके १५५१ फाल्गुन वद्य तृतीयेची तारीख काढली ती जुन्या ज्युलियन पद्धतीने, म्हणून १९ फेब्रुवारी. आजच्या कॅलेंडरात बसवली तर १ मार्च १६३० येते. राज्याभिषेक ६ जून १६७४ पण तसाच, नव्याने १६ जून. तारीख सरकारने ठरवलेली आहे आणि ती बदलायचं कोणाच्या मनात नाही, माझ्या तर नाहीच नाही. पण माझ्या वहीत आता दोन कॅलेंडरं एकमेकांत मिसळलीत हे कळलं आणि डोकं फिरलं. औरंगजेब मेला ती तारीख मी ३ मार्च १७०७ लिहिली होती, ती नवीन पद्धतीची, जुनी २० फेब्रुवारी. गुरु गोविंदसिंगांची नांदेडची ७ ऑक्टोबर १७०८ मात्र जुनी, नवीन १८ ऑक्टोबर. म्हणजे दोन वर्षांच्या आतल्या, अडीच-तीनशे किलोमीटरवरच्या दोन घटना आणि माझ्या वहीत त्या वेगवेगळ्या घड्याळावर. १७५२ च्या आधीच्या सगळ्या तारखांपुढं आता "जु" नाहीतर "न" लिहितोय. फळ्यावर नाही लिहिणार, कोण समजावत बसेल.

२८ फेब्रुवारी

काल मराठी दिन, कुसुमाग्रज, १९१२, गर्दी, भाषण, चहा. आज सगळी वही भाच्याने कॉम्प्युटरमधे टाकली. दोन दिवसात टाकली, शाबास.

उद्या १ मार्च. २९ फेब्रुवारी यंदा नाही. तिथं मोरारजी देसाई (१८९६) आणि रुक्मिणीदेवी अरुंडेल (१९०४) वाट बघत बसलेत, २०२८ ला भेटू.

१० मार्च

शाबासकी परत घेतली.

सकाळी शीट उघडली, १० मार्चच्या ओळीत स्वामी रामानंद तीर्थांचा जन्म, जो ३ ऑक्टोबरचा. चुकून पडला असेल म्हणून तो सोडला आणि मी आपलं "वाचाल तर वाचाल" लिहून टाकलं. शाळेत जाणारी एक मुलगी सायकल थांबवून म्हणाली, काका आज सावित्रीबाईंची पुण्यतिथी आहे. आठवीतली असेल. मला खाली बघावं लागलं. १८९७, प्लेगची साथ, हे मला पाठ आहे, तरी शीटवर विसंबून राहिलो.

मग शोधलं सावित्रीबाई गेल्या कुठं, तर ३ ऑक्टोबरला, स्वामीजींच्या जागी. भाच्याने १०/३ टाइप केलं आणि एक्सेलची सेटिंग अमेरिकन, त्याने ते दहावा महिना तिसरा दिवस वाचलं. आणि लबाड असं की १३/६ टाकलं तर ते मुकाट १३ जूनच धरतं, कारण तेरावा महिनाच नाही. म्हणजे पहिल्या बारा तारखाच फसणार. हिशोब केला, बारा महिने गुणिले बारा दिवस १४४, त्यातले १/१, २/२ असे बारा सुटले, १३२ दिवस उलटेपालटे. दर्पण ६ जानेवारीवरून १ जूनला गेलंय. महापरिनिर्वाण दिन १२ जूनला, पु.लं.च्या जागी.

आणि वर्षासकट तारीख टाकावी म्हटलं तर एक्सेल १९०० च्या आधीची तारीख ओळखतच नाही, तिच्या मते जग १ जानेवारी १९०० ला सुरू झालं. आमची निम्मी माणसं त्याच्या आधीची. आता तीन वेगळे रकाने, दिवस, महिना, साल, नुसते आकडे. चार रात्री गेल्या.

२० मार्च

मर्ढेकरांची पुण्यतिथी, १९५६. मी छान अक्षरात लिहून आत आलो तर भजनी मंडळातले एक नाना काठी टेकवत आले. म्हणाले, "आज नाथषष्ठी. अर्धं गाव दिंडीत पैठणला गेलं अन् तुमच्या फळ्यावर हे कोण?" मी म्हटलं नाना हे पण मोठे कवी होते. "असतील की. नाथ लहान व्हते का?"

खरं सांगायचं तर हा प्रश्न मी डिसेंबरपासून टाळत होतो. मराठवाड्याचे जेवढे मोठे लिहिणारे, ते सगळे तिथीचे. एकनाथ फाल्गुन वद्य षष्ठी, शके १५२१. ज्ञानेश्वर आपेगावचे, समाधी कार्तिक वद्य त्रयोदशी, शके १२१८. नामदेव नर्सीचे, कार्तिक शुद्ध एकादशी. समर्थ जांबचे, रामनवमी, आणि गेले माघ वद्य नवमीला. गंगाखेडच्या जनाबाईंची आणि अंबाजोगाईच्या मुकुंदराजांची पक्की जन्मतिथी माझ्या वहीत नाही, मुकुंदराजांचं ग्रंथाचं साल तेवढं, शके १११०. ३६६ ओळींची शीट केली त्यात शेक्सपिअर बसला, टॉलस्टॉय बसला आणि घरचे सगळे उंबऱ्याबाहेर. ज्याचा जन्म कोणीतरी इंग्रजी कॅलेंडर बघून लिहून ठेवला तोच माझ्या फळ्यावर येतो.

बंगाली लोकांनी हे बरं सोडवलंय, रवींद्रनाथांची ७ मे १८६१ कागदावर, पण साजरा करतात पंचविशे बोइशाख. आपण पण दुसरी शीट करायची, तिथीची. रोज पंचांग बघून त्या तिथीची ओळ फळ्याच्या वरच्या बाजूला. नानांना सांगितलं. ते म्हणाले मर्ढेकर राहू द्या, खाली राहू द्या.

६ एप्रिल

रामनवमी. पहिली तिथीवाली ओळ, समर्थ, जांब, शके १५३०. फळा आता दोन मजली.

२३ एप्रिल

जागतिक पुस्तक दिन. सगळीकडे वाचायला मिळतं की शेक्सपिअर आणि सर्व्हांटिस एकाच दिवशी गेले, २३ एप्रिल १६१६. फेब्रुवारीत डोकं फिरलं होतं ते आज कामाला आलं. स्पेन नवीन कॅलेंडरवर, इंग्लंड जुन्यावर, म्हणजे तारीख एक पण दिवस दहा दिवसांनी वेगळा. शिवाय सर्व्हांटिस २२ ला गेले आणि २३ ला पुरलं असंच आता धरतात. शेक्सपिअरचा २३ एप्रिलचा जन्म पण अंदाजच, पक्का आहे तो २६ एप्रिल १५६४ चा बाप्तिस्मा. मी एवढं सगळं फळ्यावर लिहिलं, कोणी वाचलं नाही, ऊन फार होतं.

११ मे

गुरुजींनी त्यांच्या वडिलांचा निजामाच्या काळातला शाळेचा दाखला आणला, उर्दूतला. आमच्या इथं उर्दू वाचणारे चाचा आहेत घड्याळ दुरुस्तीवाले, त्यांनी जन्मतारीख वाचून दाखवली, "खुरदाद, १३४० फसली". चाचांना पण महिना कोणता ते सांगता येईना, म्हणाले वाचता येतं हो, पण हे आमचं कॅलेंडर नाही, सरकारचं.

हैदराबाद संस्थानात फसली चालायचं. साल ऑक्टोबरात सुरू, महिन्यांची नावं इराणी, आजूर, दै, बहमन अशी, शेवटचा आबान. फसलीत ५९० मिळवले की इसवी सन, जानेवारी लागला की ५९१. पोलीस अ‍ॅक्शन, म्हणजे १९४८ ची हैदराबादवरची कारवाई, १३५७ फसली. जमिनीच्या भानगडीत ज्यांनी खासरा पाहणी काढलीय त्यांना १३६४ फसली हा आकडा तोंडपाठ असतो, १९५४-५५ चा. खुरदाद सातवा महिना, म्हणजे गुरुजींचे वडील साधारण एप्रिल १९३१ चे. गुरुजी गप्प झाले. म्हणाले, "आम्ही आयुष्यभर त्यांचा वाढदिवस केलाच नाही, त्यांना इचारलं तर म्हणायचे कागदावर हाय कायतरी तुर्की."

तिसरी शीट, फसली. भाचा म्हणतो मामा आता बास.

३१ मे

आज तालुक्यात तीन ठिकाणी निरोप समारंभ, तिन्हीकडून वाचनालयाच्या खुर्च्या नेल्या. त्यावरून विषय निघाला. १ तारखेचा जन्म असेल तर आदल्या महिन्याच्या शेवटच्या दिवशी रिटायर करतात, म्हणून ३१ मे ला एवढी झुंबड, कारण सगळ्यांचा जन्म १ जून.

आमचं सभासद रजिस्टर उघडून बघितलं. पन्नाशीच्या पुढच्यांत पानापानावर १ जून, १ जून, १ जून. मोजायला लागलो आणि सोडून दिलं.

गुरुजींनी हसत हसत कबूल केलं. "हे पाप आमचंच. जूनमधे शाळा उघडायची, माय लेकराला धरून यायची, कधी झालं इचारलं तर म्हणायची पेरणीच्या टायमाला, नाहीतर ज्वारी काढायच्या टायमाला, नाहीतर दुष्काळात. हात डोक्यावरून कानाला लागला की सहा वर्षाचा धरायचा अन् १ जून लिहायचं. शेकड्यानं लेकरं म्या एकाच दिवशी जन्माला घातली." मग थोड्या वेळाने म्हणाले, "मही पण तीच हाय."

१ जून २०२५

फळ्यावर खालच्या मजल्यावर आज एकच ओळ: "आज ज्यांना ज्यांना गुरुजींनी जन्माला घातलं त्या सगळ्यांना वाढदिवसाच्या शुभेच्छा."

दिवसभर लोक येत होते. सेल्फी. वर्गणी न भरणारे पण आले. एकाने पेढे आणले, दुसऱ्याने बघितलं म्हणून त्याने पण आणले. गुरुजी खुर्ची टाकून बाहेरच बसले होते, येईल तो पाया पडत होता.

संध्याकाळी स्टँडवर भाजी विकणाऱ्या आज्जी आल्या. वाचता येत नाही, कोणीतरी सांगितलं असेल. म्हणाल्या, "मह्या आधारवर नुसतं सालच हाय, तारीख नाय. मला कोणत्या दिवशी लिवता?" मी म्हटलं आज्जी तुम्ही पण आजच घ्या, सगळ्यांचाच आज आहे. तर म्हणाल्या, "आज कशाला? महा दिवस मला ठाव हाय. माय सांगायची, पैठणला काला फुटला त्याच दिवशी झाले. बाप तिकडं यात्रेत अन् मी इकडं."

नाथषष्ठीचा काला अष्टमीला. तिथीची शीट उघडली, एक ओळ वाढवली. फाल्गुन वद्य ८, आज्जी, स्टँड. पेनने.